कोकणातल्या जुन्या घराची दुरुस्ती करताना विजेसाठी सरकारकडून काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की गुहागर तालुक्यात आजोबांचं कौलारू घर आहे, आई-वडील निवृत्तीनंतर तिथे कायमचे राहायला जाणार आहेत, दुरुस्ती काढली आहे, तर वीज कमी लागेल असं घर करायला सरकारकडून काय मदत मिळते. मी खाडीच्या अलीकडे, दापोली तालुक्यात राहते. आमच्या घरावर सोलर आहे आणि वाडीतल्या बऱ्याच जणांचे अर्ज मीच भरून दिलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

रोख हातात पडेल अशी मोठी मदत एकच, पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना. ती फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. छतावर बसवलेल्या सोलर संचाच्या पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30 हजार रुपये आणि तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे एकूण 78 हजार. त्यापुढे संच कितीही मोठा घ्या, अनुदान तेवढंच. महिन्याला 100 युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्याची 'स्मार्ट' योजना आहे, तिच्यात 1 किलोवॅटच्या संचाला सर्वसाधारण गटात आणखी 10 हजार मिळतात. अनुदान संच बसून, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागून, तपासणी झाल्यावर थेट बँक खात्यात येतं. तोवरचा खर्च आपल्याला करावा लागतो. त्यासाठी राष्ट्रीयीकृत बँका 3 किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय कर्ज देतात आणि त्याचं व्याज वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी असतं.

आता जिथे आपल्याकडचे निम्मे अर्ज अडकतात तिकडे वळते. तुमच्या त्या घराचं वीजबिल काढा आणि वर नाव कोणाचं आहे ते बघा. बहुधा आजोबांचंच असेल. अर्ज बिलावरच्या ग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदानही त्याच्याच खात्यात जातं. ग्राहक हयात नसेल तर आधी महावितरणकडे नाव बदलून घ्यावं लागतं. त्याला मृत्यूचा दाखला, घराचा ग्रामपंचायतीचा उतारा आणि इतर वारसांची संमती लागते. कोकणातलं घर म्हणजे वडील, दोन काका, आत्या, त्यांची मुलं, कोणी डोंबिवलीला, कोणी बडोद्याला. संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या एका जागी मिळण्याचा हमखास काळ गणपतीचा. कागद आत्ताच तयार करून ठेवा आणि चतुर्थीला सगळे जमले की सह्या उरकून घ्या. घरपट्टीला वडिलांचं नाव लागलं नसेल तर तेही त्याच फेरीत करा. पॅनलवाल्याला बोलावणं हे त्यानंतरचं काम.

पॅनलवाला निवडताना तो योजनेत नोंदणीकृत आहे ना, आणि पॅनल भारतीय सेलचे (पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्या भारतात बनलेल्या) आहेत ना, हे कोटेशनवर लिहून घ्या. आयात सेलचे पॅनल स्वस्त पडतात, पण त्यांना अनुदान नाही.

किती किलोवॅट? दोन माणसांना पंखे, फ्रिज, पंप आणि कधीमधी गीझर एवढं धरलं तर बहुतेक वेळा 2 किलोवॅट पुरतो. 1 किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटांच्या आसपास देतो. आषाढ-श्रावणात त्याचा निम्मासुद्धा भरवसा धरू नका. तरी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. नेट मीटरमध्ये शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि हिशोब मार्चअखेर मिटतो. म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हातली शिल्लक पावसाळ्यात वापरता येते. मार्चला जे उरतं त्याला मात्र विकतच्या विजेपेक्षा फार कमी दर मिळतो, म्हणून अनुदान मिळतंय या कारणाने 3 किलोवॅटचा संच घेऊ नका. घर फक्त मे महिन्यात आणि गणपतीत उघडणार असतं तर मी सोलर बसवूच नका म्हटलं असतं.

बसवायचा कुठे, हा कोकणात फार महत्त्वाचा प्रश्न. कौलांवर शक्यतो नको. वासे-रीपांना वजन पेलवलं तरी पॅनल पुसायला चढणारा माणूस दर वेळी चार कौलं फोडतो आणि पहिल्या पावसात माळा गळतो. मागच्या दाराला न्हाणीघर किंवा पडवी स्लॅबची करणार असाल तर तिथे जागा धरा. माडाची सावली सकाळ-दुपार कुठे पडते हे उभं राहून बघा. नारळ पडण्याच्या टप्प्यात तर पॅनल नकोच.

आणि खारा वारा! आमच्या शेजारच्या संचाचा सांगाडा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे गंजू नये म्हणून जस्त चढवलेला होता, पण बसवणाऱ्याने पाइप जागेवरच कापले आणि कापलेल्या तोंडांना नुसता चंदेरी रंग फासला. दुसऱ्या पावसानंतर बरोबर त्या तोंडांपासून तांबूस पापुद्रे सुटायला लागले, बाकी पाइप चकचकीत. म्हणून माप आधी देऊन पाइप कापून, भोकं पाडून मगच जस्त चढवलेला सांगाडा मागा, नटबोल्ट स्टेनलेसचे घ्या. पॅनलला खाऱ्या धुक्याची चाचणी, म्हणजे आयईसी 61701, झाली आहे का हेही विचारा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला धरून गेलं. सांगाडा स्लॅबमध्ये नीट रुजवलेला हवा. चिऱ्यांच्या वजनावर ठेवलेला चालणार नाही. अर्थिंग आणि आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत उतरवणारा वीजरोधक यांत पैसे वाचवू नका.

घराच्या दुरुस्तीला म्हणून वेगळं अनुदान नाही. सोलर वॉटर हीटरचं केंद्राचं अनुदानही कधीच बंद झालं. दुरुस्तीसाठी कर्ज काढलंत तर जुन्या करपद्धतीत राहत्या घरासाठी वर्षाला 30 हजारांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते, पण ती कर्जदार घराचा मालक असेल तरच. इथेही पुन्हा नावाचाच प्रश्न येतो.  

कळकळीने एक सांगते. दुरुस्तीत कौलं काढून पत्रा किंवा सरसकट स्लॅब टाकू नका. चिऱ्याच्या भिंती, कौलं, मधला माळा आणि पुढची पडवी असलेल्या घरात मे महिन्यातही दुपारी पंख्यावर भागतं. पत्रा टाकलेल्या घरांत वर्षभरात एसी आलेले मी बघितलेत, आणि मग सोलरची वीज तिकडेच जाते. फुटकी कौलं बदला, रीपा नव्या घाला, पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या. जुना पंखा 75 वॅट खातो, हा 30 च्या आसपास.

आई-वडील आत्ता जिथे राहतात तिथल्या बिलावरचे गेल्या वर्षभराचे महिनावार युनिट इथे लिहिलेत तर किती किलोवॅट घ्यावा ते सांगते. एसी वापरत असतील तर तेही कळवा.