वाचकांचे प्रश्न : न शिजणारी डाळ, फुगलेली भिंत आणि गायब होणारी सावली

या वेळच्या पत्रांत निम्मी पत्रं पाणी आणि ओल यांचीच आहेत. जुलै लागलाय, चालायचंच. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : सदाशिव पेठेतून बावधनला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि तूरडाळ शिजेनाशी झाली. आधी तीन शिट्ट्यांत मऊ व्हायची, आता आठ केल्या तरी दाणा खाली आणि पाणी वर. दुकान तेच, कुकरही तोच. आमचे हे म्हणतात, आपण उंचावर आलो म्हणून. खरं का?

उत्तर : उंचीला यात ओढू नका. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी 100 ऐवजी 98 अंशांच्या आसपास उकळतं. पेठेत आणि बावधनमध्ये त्यात जो फरक पडेल तो अगदी किरकोळ. शिवाय कुकरच्या आत तापमान 120 अंशांच्या जवळ जातं, तिथे हा मुद्दाच उरत नाही.

दुकान तेच, कुकर तोच. मग बदललं काय? पाणी. पेठांत नळाला येतं ते खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांत साठलेलं पावसाचं पाणी, म्हणजे मऊ. नव्या वस्त्यांत बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. बोअरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांमधून मुरत येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं, म्हणजे जड असतं. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. तो विरघळला की डाळ गळते. कॅल्शियम नेमका त्यालाच घट्ट बांधून टाकतो, मग शिट्ट्या कितीही करा.

खात्री करायची सोपी रीत अशी : दोन सारख्या वाट्यांत चार-चार चमचे डाळ घ्या. एकीत नळाचं पाणी घाला, दुसरीत प्युरिफायरचं (आरओ असेल तर उत्तम). दोन्ही एकाच कुकरमध्ये शेजारी ठेवा. प्युरिफायरची वाटी मऊ झाली आणि नळाची तशीच राहिली, तर दोष पाण्याचा. दोन्ही टणक राहिल्या तर डाळ जुनी आहे. दमट, गरम जागी बरेच महिने पडलेल्या डाळीला कुठलंच पाणी मऊ करू शकत नाही. तिचं पीठ करून धिरडी घाला.

पाणी जड निघालं तर डाळ धुवायला नळाचं चालेल, पण भिजवायला आणि शिजवायला प्यायचंच पाणी घ्या. अर्धा तास भिजवा. एक वाटी डाळीला अडीच वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि चमचाभर तेल. तेलाने फेस कमी येतो आणि शिट्टीचं भोक तुंबत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच. आंबटाने पेक्टिन विरघळायचा थांबतो आणि जड पाण्याची भीती नसलेल्या घरीही डाळ कचकचीत राहते. मिठाची मात्र उगाच बदनामी झाली आहे, ते आधी घातलं तरी बिघडत नाही. अगदीच अडलं तर चिमूटभर खायचा सोडा. रोज नको, चव साबणासारखी लागते आणि ब जीवनसत्त्व जातं.

आणखी एक, शिट्ट्या मोजणं सोडा. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडली, एवढंच. मोठ्या आचेवर आठ शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, आणि डाळीला हवा असतो वेळ. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून 12 मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. वरण-भाताचा कुकर लावत असाल तर डाळीचं भांडं खाली, भाताचं वर, आणि कुकरच्या तळाला दोन बोटं पाणी.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूमची पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यात फुगते. रंगाचे पापुद्रे निघतात, पांढरी भुकटी येते. दोनदा आतून वॉटरप्रूफ रंग दिला. पुढच्या जुलैत पुन्हा तेच. (कोथरूड, वारजे आणि धायरीहूनही अशीच पत्रं आहेत.)

उत्तर : आतून दिलेला वॉटरप्रूफ रंग म्हणजे गळक्या बादलीला बाहेरून पुसणं. पाणी भिंतीत शिरतंय बाहेरून. आत रंगाचा थर आडवा आला की ते त्याच्यामागे साठतं आणि थरालाच ढकलून काढतं. पुण्यात पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पत्रांमधल्या जवळपास सगळ्या भिंती पश्चिमेच्याच आहेत.

पण आधी ती ओल बाहेरचीच आहे ना, ते पाहा. जाड प्लास्टिकचा फूटभर चौकोन घ्या, भिंतीचा तेवढा भाग कोरड्या फडक्याने पुसा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा. 48 तास हात लावू नका. मग काढून बघा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे : घरात वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या, भिंतीला टेकवलेलं कपाट. त्याला रंगारी नको, कपाट चार बोटं पुढे ओढा आणि खिडकी उघडा.

ओल कुठे आहे त्यावरूनही बरंच कळतं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून मिशीसारखे ओघळ उतरत असतील तर खिडकीच्या कट्ट्याचा उतार आत झालाय किंवा चौकटीची फट उघडी पडलीय. छताला डाग असेल तर गच्ची किंवा वरच्यांचं बाथरूम. तळमजल्याला जमिनीपासून दोन-तीन फुटांचाच पट्टा ओला असेल तर पाणी पायातून वर चढतंय. बाथरूमचा संशय असेल तर नहाणीच्या जाळीत ओल्या फडक्याचा घट्ट बोळा घाला, दोन इंच पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि 24 तास वापर बंद ठेवा. पातळी उतरली आणि खाली डाग वाढला तर लादीखालचा पाणी अडवणारा थर गेला. डाग फक्त आंघोळीच्या वेळी वाढत असेल तर नहाणीचा निचऱ्याचा पाइप किंवा शॉवरची भिंतीतली लाइन बघा.

पांढरी भुकटी म्हणजे बुरशी नव्हे. विटा आणि सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ती कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसली तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात.

काम कधी करायचं? आत्ता नाही. भिंत सुकायला दोन-तीन महिने लागतात. बाहेरचं काम दिवाळीनंतर, आतलं फेब्रुवारीपर्यंत. ओल्या भिंतीवर पुट्टी मारून "आठ दिवसांत करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. बाहेरून झोका लावून आधी भेगा शोधायच्या. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळतात ती उभी रेघ आणि बीमखालची आडवी रेघ, चीर हमखास तिथेच असते, कारण काँक्रीट आणि वीट उन्हात सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. चीर नुसती बुजवू नका. व्ही आकारात सेंटिमीटरभर खोल खोदा, धूळ काढा, पॉलिमर मिसळलेला मसाला भरा, ताठला की त्यावर लवचीक ॲक्रेलिक कोटिंगचे दोन हात. आतून खराब गिलावा ठोकून पाहा, पोकळ वाजेल तेवढा काढा. नवीन गिलावा सुकला की पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. बाहेरच्या भिंतीला आतून पीओपी कधीच नको. ते जिप्सम आहे, पाण्याने मऊ पडतं.

खर्च कोणाचा, हेही दोघांनी विचारलंय. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती आणि गच्चीतून होणारी पावसाची गळती दुरुस्त करणं हे संस्थेचं काम आहे. बाथरूमच्या लादीतली गळती त्या सदनिकेच्या मालकाची. लेखी अर्ज द्या, डागाचे तारखेसह फोटो जोडा आणि पोच घ्या.

पेठेतल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी वरचं सगळं विसरा. माती-विटांच्या, चुन्याचा गिलावा असलेल्या भिंतीला सिमेंट किंवा ऑइलपेंट लावला तर ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. तिथे चुन्याला चुनाच.

प्रश्न : दह्याला तार सुटते. चमचा उचलला की शेवग्याच्या डिंकासारखं लोंबतं. दूध खराब आहे का?

उत्तर : दूध नाही, विरजण. दह्यातले काही जिवाणू चिकट साखरेचे धागे तयार करतात आणि दही लागायच्या आधीच थंड पडलं की त्यांचं फावतं. पुण्यात पावसाळी गारव्यात आणि डिसेंबरात हे जास्त होतं. तेच विरजण पुढे चालवलं की तारही पुढे चालते.

जुनं दही कढीत संपवा (खायला काही अपाय नाही) आणि शेजारून किंवा विकतच्या ताज्या दह्यातून नवं विरजण आणा. भांडं उकळत्या पाण्याने धुवा. दूध उकळल्यावर लगेच उतरवू नका, बारीक आचेवर सात-आठ मिनिटं ठेवा. त्याने दुधातली प्रथिनं सैल होतात आणि दही घट्ट लागतं. मग करंगळी बुडवून सावकाश दहापर्यंत मोजता येईल इतकं निवू द्या, म्हणजे 42-43 अंश. अर्ध्या लिटरला चहाचा एक चमचा विरजण, फेटून. जास्त घातलं तर दही आंबट आणि रवाळ होतं. भांडं टॉवेलात गुंडाळून गहू-तांदळाच्या डब्यात खुपसा. उन्हाळ्यात 5 तास, थंडीत 8 ते 10. मधे झाकण काढून हलवून बघितलं की पाणी सुटलंच. लागलं की लगेच फ्रीजमध्ये.

प्रश्न : वर्षाच्या तांदळात सोंडे झालेत. पाऱ्याच्या गोळ्या टाकाव्यात असं आई म्हणते. सुरक्षित आहेत का?

उत्तर : नाही. पाऱ्याची वाफ विषारी असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. त्या गोळ्या धान्यात नकोतच. गोदामात वापरतात त्या सल्फासच्या गोळ्या तर राहत्या घरात आणूच नका. त्यांचा वायू बंद खोलीत माणूस मारतो. बोरिक पावडरसुद्धा खाण्याचा पदार्थ नव्हे, ती लावलेला तांदूळ धुऊन घेतला तरी काही अंश राहतो.

सोंडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक बुजवतो. म्हणून चाळून, पाखडून दिसणारे किडे जातात आणि महिन्याभराने नवे निघतात. अंड्यांना मारायचं असेल तर तांदूळ दोन-दोन किलोच्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये 4 दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज उघडू नका, नाहीतर गार तांदळावर दव धरतं आणि किड्याऐवजी बुरशी येते. गहू आणि डाळींना वैशाखातलं कडक ऊन, पातळ पसरून, दोन दिवस. तांदळाला ऊन नको, तडकतो आणि भाताच्या कण्या होतात. तूरडाळीला किलोमागे चहाचा चमचाभर एरंडेल चोळून ठेवलं तर किडा अंडीच घालत नाही. भरण्याआधी एक दाणा दाताखाली धरा : कटकन तुटला तर कोरडा, दबला तर अजून वाळवा.

प्रश्न : मे महिन्यातला शून्य सावलीचा दिवस हुकला. पुन्हा कधी? आणि दुपारी बारा वाजता का नसतो?

उत्तर : शून्य सावलीचा दिवस म्हणजे भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो दिवस. पुण्यात तो वर्षातून दोनदा येतो, 13 मे आणि 30 जुलैच्या सुमारास. पुण्याचा अक्षांश साधारण 18.5 अंश. सूर्य उत्तरेकडे सरकताना आणि परतताना या अक्षांशाच्या बरोब्बर डोक्यावर येतो. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने प्रत्येक गावाला हे दोन दिवस मिळतात, फक्त तारखा वेगळ्या : सोलापूरला मेमध्ये आपल्या आधी, नागपूरला महिनाअखेरीस. दिल्लीकरांना तो कधीच मिळत नाही.

बाराचं म्हणाल, तर भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरून ठरते आणि आपण जवळजवळ 73.9 वर आहोत. दर अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे 35 मिनिटं मागे. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे काही मिनिटं इकडेतिकडे होतात. म्हणून मेमध्ये वेळ येते 12.31 ची आणि जुलैअखेरीस 12.41 ची.

गच्चीवर सपाट जागा बघा. गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, तेव्हा पाट ठेवून त्यावर पाण्याने भरलेली परात ठेवा आणि काठ समपातळीत येईपर्यंत पाटाखाली कागदाच्या घड्या सारा. मग परात उचलून तिथे पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा उभा करा. ओळंबा म्हणून दोऱ्याला किल्ली बांधून तो सरळ आहे का ते तपासा. 12.35 पासून बघत राहा. नेमका दिवस ढगांत गेला तर आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी बघा : त्या काळात सूर्य दिवसाला पाव अंशच सरकतो, त्यामुळे मीटरभर काठीची सावलीसुद्धा जेमतेम चार-पाच मिलिमीटर पडते, आणि फूटभर पाइपची तर दीड मिलिमीटरही नाही.