जीवशास्त्राचा क्लास आधी पुन्हा सुरू करा

नाशिकच्या एका पालकांनी लिहिले आहे की, त्यांच्या बारावीतल्या मुलीला जनुकीय माहिती आणि मशीन लर्निंग वापरून मलेरियावर संशोधन करायचे आहे, परंतु 'पुढे सगळे मशीनच शोधणार' म्हणून 'आम्ही' कॉम्प्युटर इंजिनीअरिंग ठरवले आहे आणि तिचा जीवशास्त्राचा क्लास बंद केला आहे.

आपण मुलीच्या गुणांबद्दल विचारले आहे. गुण उत्तम आहेत, त्यांची चिंता नको. मला खटकले ते हे की, पत्रभर 'आम्ही' आहे आणि मुलीच्या वाट्याला 'तिचा हट्ट' एवढेच शब्द आले आहेत. या वयात बहुतेक मुले क्षेत्राचे नाव सांगतात, प्रश्न सांगत नाहीत. आपल्या मुलीने प्रश्न सांगितला आणि घराने त्याला हट्ट ठरवले. क्लास बंद करताना तिला विचारले नव्हते, असे आपणच लिहिता. हे मला योग्य वाटत नाही.

मशीन सगळे शोधेल, हा समज मात्र सविस्तर खोडला पाहिजे. कंबोडियात आर्टेमिसिनिन या मलेरियावरील औषधाला मलेरियाचे परजीवी दाद देईनासे झाले, तेव्हा रुग्णांचे रक्त दर काही तासांनी तपासून परजीवी किती वेगाने घटतात हे कोणीतरी मोजले, म्हणून प्रतिकार दिसला. तिथले प्रतिकारक परजीवी एकमेकांचे जवळचे नातलग असल्याने त्यांच्यात शेकडो जनुकीय बदल समान होते, आणि त्यांतला खरा दोषी कोणता हे केवळ आकड्यांवरून ठरवू पाहणारा संगणक नात्यालाच कारण समजून बसू शकतो. 'केल्च १३' या दोषी जनुकाचा माग लागला तो टांझानियातील एका परजीवीला प्रयोगशाळेत पाच वर्षे औषधाचा वाढता मारा देऊन, त्याच्या औषध न दिलेल्या भावंडाशी तुलना केल्यामुळे. मग कंबोडियातील नमुन्यांत पडताळणी होऊन २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कशाची तुलना कशाशी करायची, हे सुचायला जीवशास्त्रच लागते.

प्रवेशासाठी आयसरची (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांची) परीक्षा द्यावी, किंवा संख्याशास्त्र अथवा जैवतंत्रज्ञानात बीएस्सी करावी. इंजिनीअरिंगनंतरही इकडे वळता येते, पण जीवशास्त्र सुटता कामा नये. 'मलेरियाजेन' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने वीस हजारांहून अधिक नमुन्यांची जनुकीय माहिती खुली ठेवली आहे. परीक्षेनंतरच्या सुट्टीत तिने ती उघडून पाहावी, म्हणजे या कामात कंटाळवाणे किती असते हेही तिला कळेल.

पगाराबाबत आपली शंका रास्त आहे. पीएचडी होईपर्यंत तिशी जवळ येते आणि तोवर पाठ्यवृत्तीवर भागवावे लागते. घराला हे किती वर्षे झेपेल, ते आकड्यांनिशी तिच्यासमोर मांडावे आणि त्यानंतर निर्णय तिला घेऊ द्यावा.