अंतर्ग्रह, पार्थिव ग्रह, खडकाळ ग्रह: एकच की वेगवेगळे?

प्रश्न असा आहे: मुलांसाठी सूर्यमालेचा तक्ता करताना बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ या चौघांवर शीर्षक काय द्यावे? कुठे 'अंतर्ग्रह' दिसते, कुठे 'आंतरग्रह', कुठे 'खडकाळ ग्रह'. आणि 'पार्थिव ग्रह' वाचून मुले दचकतात. हे सगळे समानार्थी आहेत का?

नाहीत. त्याच चौघांना लागू पडतात म्हणून तसे वाटतात, एवढेच. 'अंतर्ग्रह' हा शब्द ग्रहाची जागा सांगतो. 'पार्थिव' आणि 'खडकाळ' त्याची घडण सांगतात. आपल्याकडे दोन्ही याद्या जुळल्या, कारण सूर्यमाला घडताना सूर्याजवळच्या उष्णतेत खडक आणि धातूच गोठू शकले, बर्फ नाही. पण दर ताऱ्याभोवती असेच असते असे नाही. १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याभोवती जो ग्रह सापडला, तो वस्तुमानाने गुरूच्या निम्म्याच्या आसपास आहे आणि अवघ्या सव्वाचार दिवसांत ताऱ्याला फेरी मारतो. जागेने पाहावे तर तो अगदी आतला, घडणीने मात्र वायूचा गोळा.

आता लेखन. शुद्ध रूप 'अंतर्ग्रह'. अंतर् म्हणजे आत: अंतर्गत, अंतर्मन, तसाच अंतर्ग्रह. 'आंतर' मराठीत बहुधा 'एकमेकांमधला' या अर्थाने येतो: आंतरशालेय स्पर्धा, आंतरजातीय विवाह. म्हणून 'आंतरग्रहीय प्रवास' बरोबर, तो एका ग्रहावरून दुसऱ्यावर. पण बुधाला 'आंतरग्रह' म्हणू नये. 'आंतरिक ग्रह' हे हिंदीतून आलेले. मराठीत ओढ आंतरिक असते, ग्रह नव्हे.

हात घसरतो तो रफारावर. 'अंर्तग्रह' असे लिहिलेले सर्रास दिसते. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, त्याच्या आधी र् उच्चारला जातो. आपण म्हणतो अं-तर्-ग्रह, म्हणजे र् हा 'त'च्या नंतर आणि 'ग्र'च्या आधी, रफार 'ग्र'वर. गोंधळ होतो कारण त्या एकाच अक्षराला वर रफार आणि खाली रकार, असे दोन र चिकटतात. टंकताना क्रम असा: अं, त, र, हलन्त, ग, हलन्त, र, ह.

अर्थाचा खरा पेच पुढे आहे. अंतर्ग्रह म्हणजे आतला ग्रह. पण कशाच्या आतला? मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्याच्या आतले धरले तर चार. आकाशनिरीक्षणाच्या लिखाणात मात्र पृथ्वीच्या कक्षेच्या आतले धरतात, आणि मग उरतात दोनच, बुध आणि शुक्र. हे दोन कधी मध्यरात्री डोक्यावर दिसत नाहीत: सूर्यापासून बुध फार तर २८ अंश दूर जातो, शुक्र ४७ अंश. सूर्यबिंबावरून सरकताना, म्हणजे अधिक्रमण करतानाही, पृथ्वीवरून हेच दोघे दिसतात. २०१२ मध्ये शुक्र तसा दिसला होता. मंगळ या अर्थाने बहिर्ग्रह ठरतो. एकाच पुस्तकात मंगळ एका पानावर अंतर्ग्रह आणि दुसऱ्या पानावर बहिर्ग्रह आढळला, तर ती छपाईची चूक असेलच असे नाही. तक्त्यात शीर्षकाखाली 'लघुग्रहांच्या पट्ट्याच्या आतले' एवढी ओळ टाकली की काम भागते.

'पार्थिव' बिचारा बदनाम झाला आहे. पृथिवीपासून झालेले हे विशेषण. अर्थ मातीचा, पृथ्वीचा. मातीची मूर्ती ती पार्थिव मूर्ती. 'पार्थिव देह' मधला देह बोलण्यात गळाला आणि 'पार्थिवावर अंत्यसंस्कार' उरले, म्हणून मुले दचकतात. ग्रहांच्या बाबतीत अर्थ 'पृथ्वीच्या जातीचे' असा. शब्द अचूक आहे, वरच्या वर्गांत जरूर वापरावा, फक्त 'ग्रह' जोडूनच. नुसते 'चार पार्थिव' लिहिले तर वाचणारा भलतेच समजेल.

'खडकाळ' सोपा, तरी त्यातही एक खोच आहे. '-आळ' हा प्रत्यय 'ने भरलेला' असे सांगतो. केसाळ कुत्रा केसांनी भरलेला असतो, केसांचा बनलेला नसतो. त्यामुळे 'खडकाळ ग्रह' म्हटले की मूल दगडधोंड्यांचे माळरान डोळ्यांपुढे आणते आणि विचारते, मग पृथ्वीवर समुद्र कसे? पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे हे खरे, पण वजनात ते पाणी हजारात एक भागही भरत नाही. उलट बुध वरून खडकाळ, आतून मात्र बहुतांश लोखंड: त्याचा गाभा त्रिज्येच्या सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत पोचतो, वरचे खडकाचे कवच जेमतेम ४०० किलोमीटर. तरीही लहान मुलांसाठी मी 'खडकाळ ग्रह' हेच शीर्षक घेईन, खाली 'खडक आणि धातू यांचे बनलेले' असे लिहून. शेजारी घनता दिली तर शब्दाला आधार मिळतो. पाण्याची १ धरली तर बुध ५.४, शुक्र ५.२, पृथ्वी ५.५, मंगळ ३.९, आणि वायूचा शनी फक्त ०.७.

तक्त्यातल्या वाक्यांबद्दल दोन गोष्टी. 'बुधचा', 'मंगळवर' नको. सामान्यरूप करून 'बुधाचा', 'शुक्राचा', 'मंगळावर'. आणि 'पृथ्वी ही तिसरा ग्रह आहे' हे कानाला खटकते. दर्शक सर्वनाम इथे ग्रहाच्या लिंगाने जाते: 'पृथ्वी हा तिसरा ग्रह आहे'. क्रियापद पृथ्वीचे असेल तिथे मात्र ती स्त्रीलिंगीच, 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते, ती स्वतःभोवतीही फिरते'.