मांडवात जायचं तर घराचं कार्ड आधी

प्रश्न : मुलगा साडेसहा वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला). एक-दोन शब्द बोलतो, हात फडफडवतो. गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत पहिल्याच आरतीला कान झाकून किंचाळला. उरलेले दिवस आम्ही घरातच काढले. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू ‘फार लाडावलाय’ म्हणतात. सासूबाई म्हणतात, ‘मोबाइल दाखवून असं झालं’, आणि दृष्ट काढतात. यंदा तरी तो चारचौघांत दिसावा असं वाटतं. लोकांना समजावू कसं?
— एक आई, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : ‘स्वमग्नता म्हणजे काय’ असा लांबलचक मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकलात, तर जोडलेले हात भरपूर येतील आणि काकू आहेत तशाच राहतील. लोकांना आपण नेमकं काय करायचं तेच माहीत नसतं. म्हणून एकेकाला गाठून तीनच वाक्यं सांगा : ‘तो हात फडफडवतो. आनंद झाला किंवा भीती वाटली की तसं करून स्वतःला सावरतो. तुम्ही हात धरू नका, नाव घेऊन नमस्ते म्हणा आणि मनात दहा मोजेपर्यंत थांबा.’ उत्तर यायला त्याला तेवढा वेळ लागू शकतो. हे त्याच्यासमोर सांगू नका. बोलत नसला तरी ऐकत असतो.

तयारी पंधरा दिवस आधी सुरू करा. आपला मेंदू नको ते आवाज मागे ढकलतो. अशा अनेक मुलांना झांज, टाळ्या, माइकची शिट्टी हे सगळं एकाच जोराने आणि अचानक आदळतं. कारखान्यात कामगार लावतात तसे कान झाकणारे इअरमफ घ्या, पण पहिल्यांदा मांडवात लावू नका. डोक्यावरचा दाबही नवाच, तो भिरकावून देईल. घरी आवडत्या खेळाच्या वेळी दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. दिवसभर मात्र नको, साध्या आवाजांची सवय मोडते. आरतीचं रेकॉर्डिंग रोज ठरलेल्या वेळी हळू आवाजात लावा आणि दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवा.

पोस्टकार्डाएवढे चार फोटो काढा : तुमचाच मांडव, आरती, प्रसाद, घर. चौथं कार्ड सगळ्यांत मोलाचं. त्याने ते हातात दिलं की त्या क्षणी उठायचं, आरती अर्धी असली तरी. ‘अजून दोनच मिनिटं’ असं एकदा म्हणालात की कार्डाची किंमत गेली. मग तो किंचाळतो, कारण तेवढंच चालतं हे त्याला कळलेलं असतं.

पहिल्या दिवशी दुपारी चारला, रिकाम्या मांडवात तीन मिनिटं. दुसऱ्या दिवशी आरतीच्या शेवटच्या दोन मिनिटांना, बाहेरच्या कडेला. तो शांत असतानाच निघा. आपण नेमके ‘छान बसलाय’ म्हणून थांबतो आणि तिथेच फसतो. तिसऱ्या दिवशी काम द्या : पाच द्रोण, प्रत्येकात एक चमचा खिरापत, पाच जणांना. द्रोण संपले की काम संपलं, हे त्याला डोळ्यांना दिसतं. ते पाच जण आधी ठरवा, काकूंना त्यात घ्याच. त्याच्या हातून खिरापत घेतलेलं माणूस सहसा ‘लाडावलाय’ म्हणत नाही. विसर्जनाचा आणि ढोल-ताशाचा हट्ट यंदा नको.

तरीही बिनसलं तर तो हट्ट समजू नका. हट्टी मूल कोण बघतंय ते बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. याचं तसं नसतं. जिन्यात न्या, बोलणं बंद, प्रश्न बंद, शेजारी बसा. वीस मिनिटंही लागू शकतात.

सासूबाईंना सांगा, मोबाइलमुळे स्वमग्नता होत नाही. तिची मुळं बरीचशी अनुवांशिक असतात आणि मेंदूची घडण जन्माआधीपासून वेगळी होत जाते. लशीमुळेही ती होत नाही; तसा संबंध जोडणारा १९९८चा लेख २०१०मध्ये मागे घेतला गेला. दृष्ट काढू द्या, मीठ-मोहरीने बिघडत काही नाही. ‘स्टेम सेलने बरा करून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र पैसे देऊ नका.

प्रश्न : मुलगी स्वमग्न आहे. तिच्या शाळेने दिव्यांग प्रमाणपत्र मागितलं आहे. कायमचा शिक्का बसेल का?
— एक वडील, हडपसर

उत्तर : प्रमाणपत्र तुमच्याकडे राहतं, कोणाला दाखवायचं ते तुम्ही ठरवता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करा. तपासणीत स्वमग्नता किती आहे ते मोजणारी ‘इसा’ (ISAA) ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात, प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण. बहुतेक उत्तरं पालकांकडूनच येतात आणि लाजेने ‘तसं कधीतरीच करते’ म्हटलं की गुण घसरतात आणि टक्केही. घरातले दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ सोबत न्या, कारण परक्या खोलीत ती नेमकी गप्प बसेल. शाळेला झेरॉक्स द्या, मूळ प्रत नको.