ओवायही काउंटी: नावातला 'ओ' आणि जिल्ह्याचा घोळ

प्रश्न असा आला आहे: "एका प्रवासलेखाचा मराठी अनुवाद करते आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या एका काउंटीचं नाव मी इंग्रजी अक्षरांवरून 'ओवीही' असं वाचलं. मराठीत ते कसं लिहावं? त्याचा अर्थ काय? आणि काउंटीला सरळ जिल्हा म्हटलं तर चालेल का?"

'ओवीही' वाचून मला आधी जात्याची घरघर ऐकू आली, पण ओवीशी याचा काही संबंध नाही. उच्चार आहे 'ओवायही', जोर 'वाय'वर. आता पुढचा 'ओ' झाकून उरलेलं जरा भरभर म्हणून पाहा. वायही, वायही... हे आपलं 'हवाई'च आहे! पॅसिफिक महासागरातल्या बेटाचं नाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, रानझुडपांच्या कोरड्या पठारावर जाऊन बसलं आहे.

तो 'ओ' कुठून आला, हा यातला खरा गमतीचा भाग. हवाईच्या मूळ भाषेत विशेषनामाच्या आधी 'ओ' हे अव्यय लागतं. "हे कोणतं बेट?" असं विचारलं की उत्तर मिळणार "ओ हवाई", म्हणजे "हे हवाई". कॅप्टन कुकच्या जहाजांवरच्या इंग्रजांनी १७७८-७९ मध्ये हे ऐकलं आणि अव्ययासकट सगळं नाव समजून टिपून घेतलं. ताहितीचंही त्यांनी तसंच 'ओताहिती' केलं होतं. अरबी 'अल' चिकटून 'अल्कोहोल' आणि 'अल्जिब्रा' झाले, त्यातलाच हा प्रकार. त्यांच्या जुन्या स्पेलिंगात मधे 'व्हाय' या प्रश्नार्थक शब्दाचीच अक्षरं होती आणि तेव्हा बरेच इंग्रज तो शब्द 'ह्वाय' असा म्हणत. म्हणजे त्यांनी लिहिलं होतं 'ओ-ह्वाय-ही'. कान तसा वाईट नव्हता! पुढे स्पेलिंगातला पहिला 'ह' गळला आणि 'ओवायही' उरलं.

हे नाव आयडाहोत नेलं फर व्यापाऱ्यांनी. १८११ मध्ये 'टॉन्क्विन' हे जहाज हवाईला थांबलं आणि तिथले काही लोक कामाला घेऊन कोलंबिया नदीच्या मुखाशी गेलं. तेव्हापासून बीव्हरच्या कातड्यांच्या धंद्यात हवाईचे मजूर दिसू लागतात. १८१९ च्या सुमारास डोनल्ड मॅकेंझीच्या तुकडीतले काही हवाईयन (कुठे दोन म्हटलं आहे, कुठे तीन) एका अनोळखी नदीवर शिकारीला गेले आणि परतले नाहीत. ते तिथे मारले गेले, अशी नोंद पुढे व्यापाऱ्यांच्या रोजनिशीत सापडते. त्या नदीला त्यांच्या देशाचं नाव पडलं. नदीवरून डोंगररांगेला आणि ३१ डिसेंबर १८६३ रोजी स्थापन झालेल्या काउंटीलाही तेच मिळालं. त्या माणसांची स्वतःची नावं मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

दरम्यान १८२० च्या दशकात हवाईत मिशनऱ्यांनी लिपी बसवली आणि बेटाचं स्पेलिंग सुधारलं. ती सुधारणा आयडाहोपर्यंत पोचली नाही. आपल्याकडे गाव खडकी झालं तरी युद्धस्मशानाच्या नावात 'किर्की' टिकून आहे, तसंच हे. म्हणून 'हवाई काउंटी' अशी दुरुस्ती करू नका. त्या नावाची काउंटी हवाई राज्यात वेगळी आहे.

आता जिल्ह्याचं. इथे मोह होतो, कारण आकार जिल्ह्याला साजेसा आहे. ओवायही काउंटी जवळजवळ २० हजार चौरस किलोमीटरची, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षाही (१७,०४८) मोठी. पण २०२० च्या जनगणनेत माणसं ११,९१३! नगरची २०११ मध्ये ४५ लाखांवर होती. मुख्य ठाणं मर्फी हे शंभरेक वस्तीचं गाव. कोर्टाच्या इमारतीसमोर पार्किंगचा एकच मीटर आहे, तोच तिथलं प्रेक्षणीय स्थळ. १९३४ पर्यंत मुख्य ठाण्याचा मान सिल्व्हर सिटीला होता. सोन्याचांदीच्या खाणींवर भरभराटीला आलेलं ते गाव खाणी आटल्यावर ओस पडलं. आज उरलेत ते मुख्यतः गुरांचे मोठे रँच आणि स्नेक नदीच्या काठची शेती. तिथल्या गुराख्याला 'बकारू' म्हणतात. तो स्पॅनिश 'वाकेरो'चा अपभ्रंश. अनुवादात 'काउबॉय' करून टाकलात तर ही चव जाईल.

तरी मी 'जिल्हा' लिहिणार नाही. 'जिल्हा' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कलेक्टर येतो, वरून नेमलेला. आयडाहोतली काउंटी लोकांनी निवडलेले तीन कमिशनर चालवतात आणि शेरीफही मतं मागूनच येतो. (मुंबईच्या शेरीफला आपण 'नगरपाल' म्हणतो, पण ते मानाचं पद. मर्फीच्या शेरीफला नगरपाल म्हणू नका, तो खरोखर चोर पकडतो.) व्युत्पत्तीही जुळत नाही. 'जिल्हा' अरबीतला, मूळ अर्थ बरगडी, बाजू. 'काउंटी' आली फ्रेंचांच्या 'कोंत' या सरदारावरून. नॉर्मन लोकांनी तो शब्द इंग्लंडात आणून तिथल्या 'शायर' या जुन्या परगण्यांवर बसवला. अमेरिकेत सरदार कधीच नव्हते, त्यांची जहागीर तेवढी शब्दात राहिली.

काउंटी क्रिकेटमुळे शब्द आपल्या ओळखीचा आहेच. स्त्रीलिंगी ठेवा, अनेकवचन 'काउंट्या', कंपनी-कंपन्यासारखं: आयडाहोत ४४ काउंट्या आहेत. 'काऊंटी'पेक्षा ऱ्हस्व 'काउंटी' बरं दिसतं.

एक मात्र तपासून घ्या. तुमच्या लेखात 'ओवायही गाव' असं कुठे आलं असेल, तर ते या काउंटीत नाही. ते सीमेपलीकडे नेवाडा राज्यात आहे, डक व्हॅली या शोशोनी-पायूट लोकांच्या राखीव प्रदेशात. तो प्रदेश १८७७ मध्ये ठरला आणि दोन राज्यांत पसरला आहे. त्याचा उत्तरेकडचा भाग ओवायही काउंटीत येतो, ओवायही गाव येत नाही.