‘त्याच्याच दप्तरात असणार!’

प्रिय ताई,

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात शाळेत त्याचा कॅल्क्युलेटर सापडेना. यंदा मध्येच वर्गात आलेल्या एका नवीन मुलाकडे बोट दाखवून तो सगळ्यांसमोर म्हणाला, “त्याच्याच दप्तरात असणार. ती माणसं तसलीच असतात.” चार-पाच जणांनी मिळून त्या मुलाचं दप्तर बाकावर उपडं केलं. काहीच निघालं नाही. कॅल्क्युलेटर घरी अभ्यासाच्या टेबलावर पडलेला होता. वर्गशिक्षिकेचा फोन आला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला वाट्टेल तसं बोलले, मोबाइल काढून घेतला. त्यावर तो म्हणाला, “आजोबा तर रोज म्हणतात. त्यांना कधी काही बोललीस का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. आमच्या घरात कुणाचा द्वेष करायला कधीच शिकवलेलं नाही. मग चुकलं कुठे? आता त्याला समजावू तरी कसं?

– एक अस्वस्थ आई

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट मनाला लागली, ती आधी सांगते. पत्रात तुम्ही आहात, तुमचा मुलगा आहे, आजोबा आहेत, फोन करणाऱ्या बाई आहेत. ज्याचं दप्तर उपडं झालं तो मुलगा मात्र दोन ओळींत येतो आणि निघून जातो. बाकावर पडलेल्या त्याच्या वह्या परत कुणी भरल्या? त्यानं एकट्यानंच ना? दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला का? घरी त्यानं काही सांगितलं असेल, की पोटातच ठेवलं असेल? तुम्हाला दोष द्यायला हे विचारत नाही. आपलं लेकरू चुकलं की आईला त्याच्यापलीकडे काही दिसत नाही. पण तुमच्या मुलाला जे शिकायचं आहे त्याची सुरुवात याच प्रश्नांपासून आहे.

असला शिक्का ज्याच्यावर बसतो त्याच्या आत काय होतं, हे केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ पती-पत्नींनी १९४०च्या दशकात पाहिलं होतं. तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे त्यांनी बाहुल्या ठेवल्या, रंग सोडला तर अगदी सारख्या. छान कोणती, असं विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवलं. मग त्यांना विचारलं, तुझ्यासारखी कोणती? या प्रश्नाला काही मुलं रडली. बाहेरचे जे म्हणत होते ते त्या एवढ्याशा पोरांनी स्वतःबद्दल खरं मानलं होतं. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधली वर्णावरून होणारी फारकत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा निकालाच्या तळटिपेत क्लार्क यांच्या कामाचा दाखला होता. तो नवीन मुलगा असा काही धडा शिकून घरी जाऊ नये, ही आज सगळ्यात तातडीची गोष्ट आहे. तुमचा अबोला त्यानंतर.

आता तुमचा प्रश्न. “आमच्या घरात द्वेष शिकवलेला नाही” हे तुम्ही मनापासून लिहिलंय आणि माझा त्यावर विश्वास आहे. अडचण अशी आहे की पूर्वग्रह शिकवावा लागत नाही. हेन्री ताज्फेल या मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळ १४-१५ वर्षांच्या, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाच्या मुलांवर एक प्रयोग केला. पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवायचे आणि किती होते ते विचारायचं. मग सांगायचं, तू जास्त सांगणाऱ्यांच्या गटातला, तू कमी सांगणाऱ्यांच्या. खरं तर ही वाटणी कशीही केलेली होती. स्वतःचा गट सोडला तर बाकी कोण कोणत्या गटात आहे हेसुद्धा मुलांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा बहुतेकांनी ‘आपल्या’ गटाला झुकतं माप दिलं. आपले आणि ते, ही रेघ मन इतक्या सहज ओढतं. पण रेघेपलीकडचे चोर असतात, आळशी असतात, हे मात्र कुणाच्या तरी तोंडून ऐकावं लागतं. जेवताना सहज टाकलेलं वाक्य, मोबाइलवर आलेली चित्रफीत, मित्राचा विनोद. आणि त्यावर घरातल्या मोठ्यांनी बाळगलेलं मौन. त्या मौनाचा अर्थ मुलं एकच लावतात, की हे खरं असणार.

म्हणून त्यानं आजोबांबद्दल जे विचारलं ते उद्धटपणाचं वाटलं तरी बरोबर होतं. त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं राहिलंय. ते द्या. “तू म्हणालास ते खरं आहे. मी ऐकत होते आणि गप्प बसत होते. माझं चुकलं.” एवढंच. त्याला लगेच “पण तूही…” जोडू नका. आईला स्वतःच्या आतला पूर्वग्रह सापडतो, ती तो कबूल करते आणि तरीही ती वाईट बाई ठरत नाही, हे त्यानं एकदा डोळ्यांनी पाहिलं की स्वतःचा तपासायला तो कमी घाबरेल. सध्या त्याला वाटतंय की ‘माझं चुकलं’ म्हणालो तर ‘मी वाईट’ यावर शिक्कामोर्तब होईल. त्या भीतीपोटीच तो आजोबांच्या आड उभा आहे.

मग बोलायचं कसं? समोर बसवून नको, ती उलटतपासणी होते. चालता चालता किंवा एखादं काम करता करता विचारा, “त्यानंच घेतला असेल हे तुला कसं कळलं?” तो म्हणेल, सगळेच म्हणतात. मग, “सगळे म्हणजे कोण? तू स्वतः अशा किती जणांना ओळखतोस?” प्रश्न खरोखर जाणून घेण्यासाठी असू द्या, कोंडीत पकडण्यासाठी नको. शितावरून भाताची परीक्षा करू नये हे माणसांच्या बाबतीत आपण सांगतोच, पण त्याच्याजवळ तर ते एक शीतसुद्धा नव्हतं. होतं फक्त ऐकीव वाक्य. हे त्याचं त्याला दिसलं पाहिजे, तुम्ही सांगून उपयोग नाही. रागावलात तर तो एवढंच शिकेल की असलं आईसमोर बोलायचं नसतं.

त्याला छापखान्याची गोष्ट सांगा, या वयात अशा गोष्टी चांगल्या रुजतात. ‘स्टिरिओटाइप’ हा शब्द मुळात छपाईतला. धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून पान तयार झालं की त्याचा साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतून अख्ख्या पानाचा एकच पत्रा करायचा. मग हव्या तितक्या प्रती काढा, पुन्हा जुळणी नको. काम झटपट होतं, पण त्या पत्र्यातलं एक अक्षर चुकीचं असेल तर प्रत्येक प्रतीत तेच चुकीचं उमटतं. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकारानं १९२२ साली हा शब्द आपल्या डोक्यातल्या तयार चित्रांसाठी वापरला. त्या दिवशी वर्गात तेच झालं. समोर एक जिताजागता मुलगा होता, तुमच्या मुलानं पाहिली ती आधीच ओतून ठेवलेली प्रत.

आणि साचे बदलतात, हेही त्याला कळू द्या. मुलांना “शास्त्रज्ञाचं चित्र काढा” असं सांगायची एक जुनी चाचणी आहे. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये ४,८०७ मुलांच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शास्त्रज्ञ बाई दिसल्या फक्त २८ चित्रांत, आणि ती सगळी मुलींनी काढलेली होती. पुढच्या दशकांत अमेरिकेत केलेल्या अशा अभ्यासांत सरासरी शंभरातल्या सुमारे २८ मुलांनी बाई काढली. मधल्या काळात मुलांना खऱ्या शास्त्रज्ञ बाया दिसत गेल्या होत्या, वर्गात, पुस्तकांत, पडद्यावर.

मोबाइल परत देऊन टाका. त्यावर काय येतं ते एखाद्या संध्याकाळी दोघांनी मिळून बघा. अशी एक चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली की तसल्याच आणखी दहा पुढ्यात येतात, आणि मुलाला वाटतं की अख्खं जग हेच म्हणतंय. हे त्याला एकदा प्रत्यक्ष दिसू द्या. शिवाय आठवडाभर घरात एक शब्द पकडायचा खेळ ठेवा. ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘तसलेच’, ‘त्यांच्यात असंच असतं’, यातलं काही कुणाच्याही तोंडून आलं की दुसऱ्यानं नुसतं बोट वर करायचं. तुमच्यावरही बोटं वर होतील. होऊ द्या.

शोधाशोध करताना तुम्हाला जेन एलियट यांचा वर्गातला प्रयोग सापडेल. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, अमेरिकेतल्या या शिक्षिकेनं तिसरीतल्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. आधी एका रंगाचे वरचढ, मग दुसऱ्या. तो प्रयोग फार गाजला. पण घरी तसलं काही करू नका. लहान मुलांना मुद्दाम अपमान सोसायला लावणं मला पटत नाही, आणि तुमच्या मुलापुढे तर खरीखुरी घटना आहे.

तिच्यातली भरपाई त्यालाच करायची आहे. आरोप चारचौघांत झाला, तेव्हा माफीही चारचौघांतच हवी. शब्द त्याचे असू देत. “कॅल्क्युलेटर माझ्या घरीच होता. मी तुझ्यावर आळ घेतला, मी चुकलो” इतकं स्पष्ट. “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” ही माफी नव्हे. त्या मुलाला हे चालणार आहे का, हे बाईंनी त्याला आधी एकट्याला विचारावं, नाहीतर पुन्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच. आणि समोरच्यानं माफ केलंच पाहिजे असं नाही, हेही तुमच्या मुलाला आधीच सांगून ठेवा. त्याच्याशी मैत्री करायची बळजबरी करू नका. त्या पोराला “तुमच्यात कसं असतं रे?” विचारत बसू नका, तो कुणाचा प्रतिनिधी म्हणून शाळेत आलेला नाही.

जवळीक झालीच तर कामातून होईल. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशांची मुलं नव्यानंच एका वर्गात आली होती आणि रोज तणाव होता. एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. दुसऱ्याचा तुकडा समजून घेतल्याशिवाय परीक्षेत निभाव नाही. एक मुलगा इंग्रजी अडखळत बोलायचा, बाकीचे त्याला हसायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की हसून आपलंच नुकसान होतंय, आणि ती मुलं त्याला नीट, शांतपणे प्रश्न विचारायला लागली. वर्गशिक्षिकेला असं गटकाम सुचवून बघा. नुसतं शेजारी बसवून मात्र फारसं काही होत नाही. दोघांना सारखा मान हवा, एकच काम हवं आणि शिक्षकांचा उघड पाठिंबा हवा.

आजोबांचं अवघड आहे, मान्य. त्यांच्याशी आधी एकट्यानं बोला, आदरानं, पण आडपडदा न ठेवता. “बाबा, तुमचं वाक्य त्यानं वर्गात म्हटलं आणि एका मुलाचं दप्तर उपडं झालं.” वाद घालू नका, जे घडलं ते जसंच्या तसं सांगा. नातवावर त्यांचा जीव असेल तर हे त्यांना लागेल. तरीही पुन्हा तसं बोलले, तर तेव्हाच, नातवाच्या देखत म्हणा, “बाबा, मला हे पटत नाही.” आवाज न चढवता. आजोबांवर लक्ष ठेवायचं काम मुलाकडे देऊ नका, तो दोघांच्या कात्रीत सापडेल.

‘ती माणसं’ म्हणजे कोण, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी विचारतही नाही, कारण तिथे कुणाचंही नाव घातलं तरी पत्र असंच राहिलं असतं.

या सगळ्याच्या आधी, शक्य तर उद्याच, वर्गशिक्षिकेला फोन करा आणि त्या मुलाच्या आईशी बोलायचं आहे म्हणून सांगा. आपल्या मुलाची बाजू मांडू नका. तो कसा आहे, एवढं विचारा, आणि त्या जे सांगतील ते मध्ये न बोलता ऐका.

तुमची,
ताई