हरणाऱ्याचं भाषण ऐक

प्रिय,

तुझा निबंध वाचला. ‘निवडून आला की अधिकार मिळालाच, मग विश्वासाचं वेगळं काय?’ हा तुझा प्रश्न चांगला आहे, पण उत्तर जिंकणाऱ्याकडे शोधू नकोस.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने सांगितलेले अधिकाराचे तीन आधार तुला पाठ दिसतात: परंपरा, करिष्मा, कायदा. परीक्षेपुरतं ठीक आहे. प्रत्यक्षात ते एकमेकांत मुरलेले असतात. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांचा दरारा केवढा, तरी दोन मुदती झाल्यावर १७९७ मध्ये ते घरी परतले. त्याचा पायंडा पडला आणि कुठेही लिहिलेला नसताना १९४० पर्यंत टिकला. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा, मग चौथ्यांदाही निवडून आले, तेव्हा कुठे तो घटनेत लिहावा असं वाटलं. १९५१ मध्ये बाविसावी दुरुस्ती झाली.

विश्वासाचं मात्र उलटं आहे. लोकशाहीत तो अविश्वासाची नीट सोय लावल्यावर येतो. मतमोजणीच्या टेबलाशी विरोधी उमेदवाराचा माणूस बसवतात तो संशय घेण्यासाठीच. त्याला बोट ठेवायला जागा सापडली नाही, की त्याच्याइतका खात्रीचा साक्षीदार दुसरा नाही. (ही युक्ती ज्याला सुचली, त्याला माणसं चांगलीच कळली असावीत.)

२००० साली अमेरिकेत अध्यक्षपदासाठी बुश विरुद्ध गोर अशी लढत झाली. निर्णायक ठरलेल्या फ्लोरिडा राज्यात जवळपास साठ लाख मतांमध्ये फरक निघाला ५३७ चा. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने फेरमोजणी संपवली. हरलेल्या गोर यांना तो पटला नव्हता, तसं त्यांनी पराभव स्वीकारण्याच्या भाषणात उघड सांगितलं, आणि तरी मानला. न्यायालय चुकलं का, हा वाद अजून मिटलेला नाही. पण बुश यांच्या अधिकारात त्या भाषणाचा वाटा होता, असं माझं मत. २०२० च्या निवडणुकीनंतर हरलेल्या ट्रम्प यांचं तसं भाषण झालंच नाही. ६ जानेवारी २०२१ ला त्यांच्या समर्थकांचा जमाव संसद भवनात घुसला. कायद्याची कलमं दोन्ही वेळी जवळपास तीच होती.

निबंधाला टक्केवारीचे तक्ते जोडलेस, ते राहू देत. फक्त प्रत्येकाखाली लिही, की ‘सरकारवर विश्वास’ म्हणजे सत्तेतल्या पक्षावर, की मतं मोजणाऱ्या यंत्रणेवर? पहिला उडाला तर सरकार बदलतं. दुसरा उडाला तर काय होतं, ते मला तुझ्या पुढच्या मसुद्यात वाचायचंय. घाई नको.